कुलूप उघडायच्या छंदासाठी पहिले टूल कसे निवडायचे: आधी कुलूप पाहा, मग टेन्शन, पिक सगळ्यात शेवटी

छंद म्हणून कुलूप पिक करायचं, म्हणजे चाबीशिवाय बारीक टूलनं उघडायचं, शिकायचं मनात आलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर मोबाईल काढतात अन् तीस-बत्तीस पिसचा सेट मागवून मोकळे होतात. पार्सल तालुक्याला अडकतं, मग गावात येतं, अन् घरातल्या कुलपात घालून पाहावं तर त्यातलं अर्धं सामान भोकात जातच नाही, अन् जे जातं त्यानं काहीच हलत नाही. काहून? कारण तो सेट बनवलाय एका जातीच्या कुलपासाठी अन् आपल्या गोठ्याला, गोडाऊनला, मोटारीच्या खोलीला लटकलेलं कुलूप असतं दुसऱ्याच जातीचं. मग म्हणायचं की सेट बोगस निघाला. सेटही बोगस असू शकतो, पण चूक त्याच्या आधीच झालेली असते.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तोच पाळा. टूल निवडणं म्हणजे पहिले कुलूप निवडणं, त्यानंतर टेन्शनचं टूल, म्हणजे भोकात अडकवून फिरवायचा दाब ठेवणारी पट्टी, अन् आतल्या पिना उचलणारी बारीक दांडी, म्हणजे पिक, शेवटी. सगळे जण नेमकं उलटं करतात.

पायरी १: घरच्यांना सांगा, दोन नियम पक्के करा

जगभर हा छंद करणारे दोन नियम पाळतात. एक, कुलूप स्वतःच्या मालकीचं पायजे, नाहीतर मालकानं समोर बसून परवानगी दिलेली पायजे. दोन, जे कुलूप वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना.

दुसऱ्या नियमावर लोक हसतात, पण हसू नका. पिक करताना पिन अडकते, स्प्रिंग दबून वाकडी होते, कधी टूलचं टोक आतच तुटून राहतं, अन् मग चाबीसुद्धा आत जात नाही. हे मोटारीच्या खोलीच्या कुलपात झालं अन् त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची असली, तर ओलिताच्या टायमाला तुम्ही ग्राइंडरवाला शोधत बसाल.

कायद्याचंही थोडं ऐका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ मध्ये असं आहे की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा. तुमचा छंद कितीही साधा असो, रात्री नऊ वाजता गाडीच्या डिक्कीत पिकचा सेट सापडल्यावर चौकीत बसून छंद समजावून सांगायची वेळ येऊ देऊ नका. टूल घरात, एका ठिकाणी, अन् अंधार पडल्यावर घराबाहेर न्यायचं नाही.

सावधान: गावात तुम्हाला कुलूप उघडता येतं हे कळलं की शेजारपाजारचे चाबी हरवली की बोलावतात. जाऊ नका. आज कपाट उघडून दिलं अन् सहा महिन्यांनी त्याच गल्लीत चोरी झाली की पहिलं नाव कोणाचं निघते ते सांगायची गरज नाही. चाबीवाल्याचं काम चाबीवाल्याला करू द्या.

पायरी २: कुलपाची जात ओळखा

ही पायरी वगळली की पुढचा सगळा खर्च वाया, म्हणून इथं जरा थांबतो.

घरातली जेवढी सुटी, वापरात नसलेली कुलपं आहेत ती त्यांच्या चाब्यांसकट एका ताटात काढा. आधी चाबी पाहा, कुलूप नंतर.

चाबी चपटी आहे, तिच्या लांबीवर नाली पाडलेली आहे, अन् एका कडेला डोंगर-दऱ्या असाव्यात तशा तिरप्या खाचा आहेत: हे पिनचं कुलूप, आत स्प्रिंगवर वर-खाली होणाऱ्या छोट्या पिना असतात. आपल्याला सुरुवातीला हेच पायजे.

चाबी साध्या पत्र्यासारखी सपाट किंवा गोल दांडीची, नाली नाही, अन् खाचा तिरप्या नसून चौकोनी, पायऱ्या-पायऱ्यांच्या आहेत: हे लिव्हरचं कुलूप. आपल्याकडं हेच जास्त. अंगावर बहुतेक वेळा छापलेलंच असतं, ६ लिव्हर, ७ लिव्हर असं. गोदरेजचं नवताल घ्या का अलीगढहून येणारी बाजारातली जड कुलपं घ्या, लिव्हरचा आकडा तिथंच दिसतो. याच्यात पिन नसते, पत्र्याच्या पट्ट्या असतात, अन् प्रत्येक पट्टी ठराविक उंचीवर उचलली गेली की कडी अडवून धरणारा बोल्ट सरकतो. याच्यासाठी टूलच वेगळं लागतं, वाकवलेल्या तारांचं, ज्यातली एक तार बोल्टवर दाब ठेवते अन् दुसरी पट्ट्या उचलते. बाजारातल्या नेहमीच्या पिक सेटमधलं एकही टूल इथं धड चालत नाही. तीस पिसचा सेट फसतो तो इथंच.

चाबीवर खाचांऐवजी खड्डे खड्डे आहेत, ज्याला दुकानदार कम्प्युटर चाबी म्हणतो: सध्या बाजूला ठेवा. चाबी अर्धगोल दांडीची, आत चकत्या फिरतात अशी: तीही बाजूला. टेबलाच्या ड्रॉवरचं, लेटर बॉक्सचं, मोटारसायकलचं कुलूप बहुधा वेफरचं असतं, म्हणजे पिनच्या जागी पातळ पत्र्या. ड्रॉवरचं जुनं सुटं कुलूप सरावाला चालेल, गाडीच्या इग्निशनला मात्र कधीच हात लावू नका. अन् जुन्या पत्र्याच्या पेटीचं हलकं कुलूप, ज्याची चाबी म्हणजे दांडीला एक चौकोनी शेपूट, ते उघडून काहीच शिकायला मिळत नाही.

चाबी हरवलेली असेल तर कुलपाच्या भोकात टॉर्च मारा. पिनच्या कुलपात भोकाभोवती एक गोल चकती दिसते, पितळेची बहुतेक, अन् भोक नागमोडी असतं. त्या भोकात एका बाजूनं पहिली पिन लोंबकळताना दिसते, चमकणारा गोल ठिपका. सेफ्टी पिनच्या टोकानं तिला हलकं ढकला, आत जाईल अन् सोडली की परत येईल. लिव्हरच्या कुलपात अशी फिरणारी चकती नसते, नुसतं बॉडीला भोक असतं अन् आत पट्ट्यांच्या कडा एकावर एक दिसतात.

तपासा: पिनचं किमान एक कुलूप चाबीसकट हातात आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका. चाबीवरच्या खाचा मोजा, तेवढ्या आत पिना. ३ किंवा ४ पिनचं असेल तर उत्तम, ५ चं चालेल.

पायरी ३: सरावाचं कुलूप मिळवा अन् धुऊन घ्या

पिनचं कुलूप घरात नसेल तर आठवडी बाजारात हार्डवेअरवाल्याकडं सगळ्यात स्वस्त पितळी दिसणारं चपट्या दातेरी चाबीचं कुलूप घ्या, छोट्या आकाराचं. परदेशी व्हिडिओत मास्टर कंपनीचं ३ नंबरचं, पत्र्यांचे थर असलेलं कुलूप दाखवतात, ते मागवायच्या भानगडीत पडू नका, आपल्या बाजारातलं साधं चार पिनचं कुलूप तेवढंच शिकवते. दुसरी जागा भंगारवाल्याची. चाबी असलेलंच कुलूप घ्या, चाबीशिवाय घेतलेलं कुलूप बिघडलेलं आहे का तुम्हालाच जमत नाही हे कधीच कळत नाही.

पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप सेटबरोबर फुकट येतं, अन् लोकांना त्याचं लय कौतुक. आतलं दिसतं एवढाच त्याचा फायदा, पाच मिनिटं पाहून घ्या की पिन कशी उचलते. त्यात भोकं एवढी ढिली असतात की कसंही हलवलं तरी उघडतं, हाताला खरी जाणीव येतच नाही, अन् डोळ्यानं पाहायची सवय लागली की खऱ्या कुलपावर माणूस आंधळा होतो.

आता सफाई. शेतावर लटकलेल्या कुलपात धूळ असते, गंज असतो, अन् कापसाच्या दिवसात जिनिंगकडच्या अन् गोडाऊनच्या कुलपात बारीक तंतू जाऊन बसलेले असतात. अशा कुलपात पिन चिकटून वर राहते अन् तुम्हाला वाटतं बरोबर उंचीवर बसली. तर आधी पंक्चरच्या दुकानात नेऊन भोकात हवा मारून घ्या, भोक खाली धरून. मग डब्ल्यूडी-४० किंवा थोडं पेट्रोल आत सोडा, चाबी दहा-वीस वेळा आत-बाहेर करा, फडक्यावर काळं पाणी येईल, पुन्हा हवा. सुकलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पेट्रोल वापरणार असाल तर अंगणात, अन् चुलीपासून, बिडीपासून लांब.

सावधान: पेन्सिलचं शिसं घासून टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात. कोरड्या कुलपात ते चांगलंच, पण तेल घातलेल्या कुलपात शिसं टाकलं की दोन्ही मिळून चिखल होतो. दोन्हीतलं एकच.

तपासा: चाबीनं कुलूप विनाअडकाव उघडतं का? चाबी काढल्यावर सेफ्टी पिननं दाबलेली पहिली पिन टणकन परत येते का? दोन्ही होकार आला की कुलूप तयार.

पायरी ४: टेन्शनचं टूल

लोक पिकच्या आकारावर वाद घालतात अन् टेन्शनकडं पाहतही नाहीत. मी तर म्हणतो पैसे मोजकेच असतील तर ते टेन्शनवर टाका, पिक साधी असली तरी निभावतं.

कारण समजून घ्या. आत प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक असतात, वरून स्प्रिंग. चाबी दोन्ही पिनांमधली फट बरोबर सिलिंडरच्या, म्हणजे चाबीचं भोक असलेल्या आतल्या फिरणाऱ्या गोल भागाच्या, कडेवर आणते, सगळ्यांची एकाच वेळी, म्हणून सिलिंडर फिरतो. चाबी नसताना तुम्ही सिलिंडर जरासा फिरवायचा प्रयत्न केला तर सगळ्या पिना सारख्या अडकत नाहीत, कारण कारखान्यात भोकं पाडताना ती एका सरळ रेषेत कधीच तंतोतंत पडत नाहीत, केसभर इकडंतिकडं होतातच. त्यामुळं एक पिन आधी अडकते. ती उचलली, तिची फट कडेवर आली, की सिलिंडर केसभर फिरतो अन् मग दुसरी अडकते. सगळा खेळ त्या केसभर फिरण्याचा आहे, अन् ते फिरणं तुमच्या बोटाला सांगतं कोण, तर टेन्शनचं टूल. ते जाड-पातळ, सैल, घसरणारं असलं की बोटाला काहीच कळत नाही.

टेन्शन लावायच्या जागा दोन. चाबीचे दात ज्या बाजूला असतात ती पिनांची बाजू. चाबीची सपाट पाठ जिकडं असते ती बुडाची बाजू. एल आकाराचं पातळ टूल बुडाच्या बाजूला लावतात, हे सगळ्या सेटमध्ये असतं. दुसरं जाड, आखूड टूल पिनांच्या बाजूला, पहिल्या पिनेच्या अलीकडं जी थोडीशी कड असते तिथं अडकवतात, याला प्राय बार म्हणतात. नवशिक्यासाठी दुसरं जास्त चांगलं, कारण ते लावलं की पिकला फिरायला अख्खं भोक मोकळं मिळतं. बुडाला लावलेलं टूल छोट्या कुलपात अर्धी जागा खाऊन टाकतं अन् मग लोक म्हणतात पिक जाड आहे.

जाडी: प्राय बार ०.८, १.० अन् १.३ मिलिमीटरच्या आसपास अशा तीन जाडीत मिळाले तर बहुतेक साधी कुलपं भागतात. तीन घेणं जमत नसेल तर १.० घ्या. बुडाच्या टूलला ०.८ च्या आसपास पुरे.

घरी बनवायचं असेल तर सोप्पं आहे. गॅरेजवाल्याकडं जीपचे, ट्रकचे फेकलेले जुने वायपर पडलेले असतात, त्यातल्या फ्रेमवाल्या वायपरच्या रबराच्या दोन्ही अंगाला स्टीलची लांब पट्टी असते. ती ओढून काढा, गंजलेली नसेल तर कामाची. चार बोटं लांब तुकडा कापा, एका टोकाला साधारण ७-८ मिलिमीटर सोडून पकडीनं हळूहळू काटकोनात वाकवा. झटका देऊन वाकवली की तुटते, अन् तापवून वाकवली की मऊ पडते, तिची स्प्रिंग जाते. जाडी व्हर्नियरनं मोजा, वेल्डिंगवाल्याकडं किंवा आयटीआयला जाणाऱ्या पोराकडं असतोच. प्राय बारसाठी २ मिलिमीटरची ॲलन की चांगली, तिचं आखूड टोक दोन बाजूंनी कानसीनं सपाट घासत आणा, मधेमधे कुलपात लावून पाहत, घट्ट बसलं की थांबा. जास्त घासलं तर ती गेली.

तपासा: टूल लावून बोट सोडून द्या. स्वतःच्या वजनानं खाली पडलं तर जाडी कमी आहे. बसलं पायजे. आता अगदी हलका दाब द्या अन् जवळून पाहा, टूलची कड सिलिंडरच्या बाहेरच्या बॉडीला घासते का? घासत असेल तर तुम्ही सिलिंडर नाही, कुलपाची बॉडी ढकलताय, अन् दिवसभर बसलात तरी उघडणार नाही. नवशिक्याची ही सगळ्यात न दिसणारी चूक, अन् उपाय फक्त टोक अर्धा मिलिमीटर आखूड करण्याचा.

सावधान: दाब देताना बोटाचं नख पांढरं पडत असेल तर दाब जास्त आहे. जास्त दाबात सगळ्या पिना एकदम आवळल्या जातात, पिक जोर करते, अन् पिकचं टोक वाकतं.

पायरी ५: पिक किती अन् कोणती

तीन पुरतात. एक छोटा हुक, म्हणजे टोक वर वळवलेली पिक, एक मध्यम हुक, अन् मन असेल तर एक रेक, म्हणजे उंचवट्यांच्या टोकाची पिक. बत्तीसमधल्या उरलेल्या एकोणतीस पिसांना एकतर विचित्र आकार दिलेले असतात नाहीतर तेच आकार पुन्हा असतात.

कोणता हुक लागणार हे तुमची चाबीच सांगते, तिला वाचा. चाबीवर खोल दरी असेल तिथं आत लांब पिन, अन् उंच टेकडी असेल तिथं आखूड पिन, जिला जास्त वर उचलावं लागतं. खाचा सगळ्या साधारण सारख्या उंचीच्या असल्या तर छोटा हुक सगळं करतो. पण चाबीच्या मुळाकडं, म्हणजे धरायच्या बाजूला, खोल दरी अन् तिच्या मागं लगेच उंच टेकडी असेल, तर आत पुढं लांब पिन लोंबकळते अन् तिच्या पलीकडच्या आखूड पिनेला वर उचलायचंय. छोट्या हुकची पाठ त्या लांब पिनेला आदळत राहील, तिला गरज नसताना उचलून बसवेल. इथं मध्यम हुक लागतो. सुरुवातीला सारख्या खाचांचं कुलूप घ्या, मध्यम हुकची गरज नंतर पडेल.

जाडी. पिकची जाडी साधारण ०.४ पासून ०.६ मिलिमीटरपर्यंत मिळते. आपल्या बाजारातल्या रुंद भोकाच्या कुलपाला ०.६ ची घ्या, ती वाकत नाही अन् हाताला नीट सांगते. भोक अरुंद, नागमोडी असेल तर ०.६ ची भोकाच्या बाजूच्या उंचवट्यांना घासत जाते, अन् ती घासण्याची खरखर तुम्ही पिनेची समजता. तिथं ०.४ ते ०.५. एकच घ्यायची असली तर आधी भोक पाहून ठरवा, सेटच्या फोटोकडं पाहून नाही.

स्टील. विकणारा स्टेनलेस एवढंच लिहितो, ते पुरेसं नाही. ३०१ ग्रेडचं कडक रोल केलेलं किंवा ४२० ग्रेडचं असेल तर चांगलं. चुंबक लावून पाहणारे पुष्कळ भेटतील, चिकटलं की म्हणणार हे स्टेनलेस नाहीच. ते खोटं आहे, ४२० ला चुंबक चिकटतंच अन् कडक रोल केलेल्या ३०१ लाही थोडं चिकटतं. चुंबकावरून काही ठरवू नका.

रेकबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, पण सांगतो. तीन उंचवट्यांची रेक घेऊन आत-बाहेर खरवडली की स्वस्त कुलूप कधीकधी अर्ध्या मिनिटात उघडतं अन् माणूस खूश होतो, पण का उघडलं हे त्याला माहीत नसतं, अन् पुढच्या कुलपावर ते चालत नाही तेव्हा त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. पहिले काही दिवस रेक डब्यात ठेवा.

हॅण्डल. पातळ पत्र्याचं हॅण्डल मे महिन्यात घामानं हातातून सुटतं अन् कड बोटात रुतते. इलेक्ट्रिकवाल्याकडची हीट श्रिंक स्लीव्ह किंवा सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एक थर चढवा. जाड रबराचं गुबगुबीत हॅण्डल मात्र नको, पिनेची टिकटिक त्यातच जिरते.

सावधान: पिस्तुलासारखी पिक गन, आपटायची बंप की, एटीएम कार्डाच्या आकाराचा सेट, पेनात लपवलेला सेट, यातलं काहीच घेऊ नका. यानं हात तयार होत नाही, अन् लपवायच्या आकाराची वस्तू पोलिसाला दिसली की छंद म्हणून सांगायला तोंड उरत नाही.

पायरी ६: विकत का घरी बनवायची

दोन्ही करा असं मी म्हणेन. हुक एक-दोन चांगल्या सुट्या पिक देणाऱ्याकडून घ्या, अन् एक स्वतः बनवा, कारण स्वतः बनवलेली पिक मोडली की जीव जळत नाही अन् आकाराचा अर्थ घासतानाच कळतो.

ऑर्डर करताना गावाच्या पिनकोडला डिलिव्हरी आहे का ते आधी पाहा, नसेल तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या, अन् परत करायची सोय असलेलंच घ्या.

बनवायची असेल तर हातकरवतीचं ब्लेड. साधं बारा इंची ब्लेड ०.६३ मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणजे बरोबर आपल्या रुंद भोकासाठी. दुकानदाराला सांगा की वाकणारं ब्लेड दे, काचेसारखं कडक नको, ते घासताना मोडतं. क्रम असा:

१. कागदावर हुकचा आकार काढून कापा, ब्लेडवर चिकटवा. दांडीची उंची २.५ ते ३ मिलिमीटर, टोकाकडं थोडी कमी.
२. दात आधी घासून काढा, पूर्ण. एक दात राहिला तरी तो पिनेत अडकतो.
३. डोळ्यावर गॉगल लावून ग्राइंडरवर आकार द्या, दोन-तीन सेकंद लावायचं अन् लगेच पाण्यात बुडवायचं. हात थांबवला अन् टोक निळं झालं की त्या जागेचं पाणी उतरलं, ते टोक आता मऊ आहे, तेवढा भाग कापून टाका.
४. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानसीनंच करा, ग्राइंडरनं नाही.
५. पॉलिश पेपर ४००, मग ८००, मग १०००. कडा गोल होईपर्यंत, टोकासकट.

पाचवा टप्पा लोक गाळतात. पिक दिसायला तयार दिसते, मग कशाला घासायचं. अरे बाप्पा, निम्मं काम तिथंच आहे.

पायरी ७: हातात आल्यावर तपासणी

विकतची असो का घरची, कुलपात घालायच्या आधी तीन गोष्टी करा.

नखावरून कड ओढा. नखाचा पांढरा भुसा निघाला तर कड धारदार आहे. अशी पिक पितळेच्या पिना खरवडते, आत पितळेचा चुरा साठतो अन् महिन्याभरात कुलूप खराब होतं. १००० च्या पॉलिश पेपरवर पाणी टाकून दोन्ही कडा गोल करून घ्या. नव्या कोऱ्या, चांगल्या पैशाच्या पिकलाही हे करावं लागतं, लाजायचं काही नाही.

टोक लाकडावर टेकवून पिक हलकी वाकवा, बोटभर नाही, थोडीच, अन् सोडा. सरळ झाली तर स्प्रिंग आहे. तशीच वाकडी राहिली तर परत करा, तिचा उपयोग झाकण उघडायलाच.

दांडी अन् हॅण्डल जिथं जुळतं तिथं बोटानं हलवा. रिव्हेट ढिलं असेल, कटकट आवाज येत असेल, तर कुलपातला आवाज कोणता अन् हॅण्डलचा कोणता हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पायरी ८: पहिली बैठक टूलची, तुमची नाही

पहिल्या दिवशी कुलूप उघडायचंच असं ठरवून बसू नका. टूल बरोबर आहेत का एवढंच पाहायचंय.

कुलूप डाव्या हातात, उजेड खिडकीचा, पंखा बंद, कारण आवाजही ऐकायचाय. टेन्शन न लावता हुक आतपर्यंत सारा अन् पिनांना टेकवत हळूहळू बाहेर ओढा. प्रत्येक पिनेला एक टिक. चाबीवरच्या खाचा चार असतील तर टिक चार यायला पायजेत. तीनच आल्या तर एकतर पिक शेवटपर्यंत पोचत नाही नाहीतर एक पिन चिकटलीय, पायरी ३ ला परत जा.

आता टेन्शन लावा, अगदी हलकं, अन् एकेक पिन दाबून पाहा. तीन पिना स्प्रिंगसारख्या मऊ लागतील अन् एक टणक. ती टणक म्हणजे अडकलेली, तिलाच हळूहळू उचला, बारीक टक होईल अन् टेन्शनच्या बोटाला केसभर सरकल्यासारखं वाटेल. हे एकदा जाणवलं की तुमचे टूल बरोबर आहेत. जाणवत नसेल तर नवीन पिक मागवू नका, हा क्रम लावून पाहा: आधी टेन्शन निम्मं करा, मग टूल बॉडीला घासतं का ते पाहा, मग प्राय बारची जाडी बदला, मग पिकच्या कडा पुन्हा घासा, अन् शेवटी दुसरं कुलूप. जवळपास सगळ्यांचं उत्तर पहिल्या दोनात निघतं.

काम झालं की टूल कोरड्या फडक्यानं पुसा, हाताच्या घामानं ब्लेडची पिक एका पावसाळ्यात गंजते. तेलाचा हात फिरवून जुन्या जीन्सच्या पायाच्या कापडात शिवलेल्या खिशात ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, सोबत सरावाची कुलपं अन् त्यांच्या चाब्या एकाच डब्यात.

पुढचं सामान कधी

हातातलं चार पिनचं कुलूप हुकनं, रेकशिवाय, सलग उघडायला लागलं की पाच पिनचं घ्या. त्यात सिलिंडर बराचसा फिरतो पण कुलूप उघडत नाही असं व्हायला लागलं तर ते बिघडलेलं नाही, आत मधे बारीक कंबर असलेल्या पिना आहेत, ज्यांना स्पूल म्हणतात, अन् त्यासाठी नवीन टूल नाही, टेन्शन अजून हलकं करायची सवय लागते. लिव्हरच्या कुलपांचं टूल त्याच्याही नंतर, अन् ते प्रत्येक कुलपाच्या भोकाच्या मापानं बनवून घ्यावं लागतं, म्हणून एखादं जुनं सहा लिव्हरचं कुलूप भंगारातून आणून आधी त्याचे रिव्हेट घासून काढा, आतल्या पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडा, मापं लिहून घ्या, अन् मगच तारेला हात लावा.